परमुलखातले सिनेमाचे तिकीट



परदेशात राहून सिनेमा पाहणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लंडन-अमेरिकेतले थिएटर येते. आपल्या वस्त्यांतून परमुलखात गेलेली माणसे मात्र बहुतेक करून तिथे नाहीत. ती आहेत दुबई, शारजा, दोहा, कुवेत, रियाध, दमाम या ठिकाणी. कोणी वेल्डर, कोणी फिटर, कोणी गवंडी, कोणी ड्रायव्हर. घरून फोन गेला की आपण पगार किती झाला, ओव्हरटाइम मिळाला का, जेवण कंपनीचे की स्वतःचे हे सगळे विचारतो. सुट्टीच्या दिवशी तू काय करतोस, हे फारसे कोणी विचारत नाही. म्हणून या वेळी थोडे सिनेमाविषयी.

आधी सौदी अरेबियाचे घेऊ. नोव्हेंबर १९७९ मध्ये मक्केच्या मोठ्या मशिदीचा एका सशस्त्र गटाने ताबा घेतला. ते बंड मोडून काढले गेले, पण त्यानंतर राज्यकर्ते कर्मठांच्या कलाने चालू लागले आणि १९८० नंतर तिथली होती नव्हती ती चित्रगृहे बंद झाली. ती तब्बल पस्तीस वर्षांहून अधिक काळ बंदच राहिली. याच काळात आपल्याकडची हजारो माणसे तिकडे राबत होती. म्हणजे एक अख्खी पिढी तिथे कामाला गेली, म्हातारी होऊन परत आली, पण तिने त्या देशात थिएटरचा पडदा म्हणून पाहिला नाही.

सिनेमा अगदीच नव्हता असे नाही. समुद्रापलीकडे बहरीनमध्ये तो होता. १९८६ साली सौदी आणि बहरीन यांना जोडणारा २५ किलोमीटरचा पूल सुरू झाला आणि आठवड्याच्या सुट्टीला सौदीतली मंडळी गाड्या काढून सिनेमा पाहायला बहरीनला जाऊ लागली. पण कोण? ज्याच्याजवळ गाडी आणि हातात पासपोर्ट आहे तो. आपल्या माणसाचा पासपोर्ट बहुधा कफीलच्या कपाटात. देशाबाहेर पाऊल टाकायचे तर कफीलच्या परवानगीने बाहेर जाण्याचा आणि परत येण्याचा व्हिसा हवा. सिनेमासाठी तो कोण देतो? ही अट खाजगी कंपन्यांतील कामगारांसाठी मार्च २०२१ मध्ये सैल झाली; घरकाम करणाऱ्यांना आणि घरगुती ड्रायव्हरांना त्यातूनही वगळले. पूल २५ किलोमीटरचाच, पण तो सगळ्यांसाठी सारख्या लांबीचा नव्हता.

मग खोलीत व्हीसीआर आला. पाच-सहा जणांनी वर्गणी काढून घेतलेला. एका खोलीत आठ-दहा माणसे, खाली चटई, वर दोन मजली खाटा आणि कोपऱ्यात टीव्ही. एकच कॅसेट महिनाभर फिरायची, रेघा येईपर्यंत. हाच व्हीसीआर पुढे सामानात बांधून गावी यायचा आणि गणपतीच्या किंवा भीमजयंतीच्या दिवसांत वस्तीत रात्रभर तीन-तीन सिनेमे चालायचे. तो कुणाच्या घामाचा होता, हे आपण पाहणाऱ्यांनी तेव्हा कितीसे मनात आणले?

११ डिसेंबर २०१७ रोजी सौदी सरकारने ही बंदी उठवल्याचे जाहीर केले आणि १८ एप्रिल २०१८ रोजी रियाधमध्ये पहिले चित्रगृह उघडले. पहिला सिनेमा होता ‘ब्लॅक पँथर’. आपल्या लोकांना पँथर म्हटले की १९७२ साल आठवते. हा पँथर तो नव्हे. हा अमेरिकन चित्रकथांतला, आफ्रिकेतल्या एका काल्पनिक राज्याचा राजा. पण पडद्यावर काळ्या माणसाचे राज्य दिसले हे काही थोडेथोडके नाही. पहिला खेळ अर्थातच निमंत्रितांचा. मग लोकांसाठी तिकिटे निघाली, ७५ रियालला एक.

अस्मादिक कॉमर्सचे पदवीधर असल्याने इथे हिशेब करण्याचा मोह आवरत नाही. महिना १५०० रियाल पगार धरा, आणि असा पगार मिळणाऱ्याला कॅम्पात भाग्यवान समजतात. महिन्याचे कामाचे दिवस २६. रोजची मजुरी पडली ५७-५८ रियाल. म्हणजे एका तिकिटाला सव्वा दिवसाहून जास्त घाम. शिवाय जाण्यायेण्याचे भाडे. पुढे चित्रगृहे वाढली, सवलतीही आल्या, पण मजुराला तिकीट अजूनही मोजूनमापूनच काढावे लागते.

त्याच वर्षी ७ जून २०१८ रोजी सौदीतल्या चित्रगृहात पहिला भारतीय सिनेमा लागला. तो मुंबईच्या मोठ्या निर्मात्याचा नव्हता. तो होता पा. रंजित यांचा ‘काला’, रजनीकांतचा, तमिळ भाषेतला. आणि गोष्ट कुठली? आपल्या धारावीची. झोपडपट्टीची जमीन कोणाची, या प्रश्नाची. तिच्यावर डोळा ठेवणारा पुढारी झाला आहे आपला नाना पाटेकर. ज्या देशात पस्तीस वर्षे पडदा नव्हता, तिथे भारताच्या नावाने पहिली दिसली ती धारावी! पण त्याची आपल्याकडे चर्चा झाली नाही. जवळजवळ तीन महिन्यांनी तिकडे अक्षयकुमारचा ‘गोल्ड’ लागला, त्याचा मात्र गाजावाजा झाला. असो.

आता दुबईकडे वळू. अमिरातींत सिनेमाला कधी बंदी नव्हती. बर दुबईतले प्लाझा, शारजातले कॉन्कॉर्ड, अबुधाबीतले एल्डोरॅडो ही चित्रगृहे आपल्याकडच्या लोकांनीच भरलेली असत. एक गंमत अशी की मुंबईत शुक्रवारी लागणारा हिंदी सिनेमा तिथे बहुधा गुरुवारीच लागतो. कारण शुक्रवार हा तिथला सुट्टीचा दिवस. जानेवारी २०२२ पासून अमिरातींनी शनिवार-रविवारची सुट्टी केली, तरी गुरुवारची रीत टिकून आहे. म्हणजे सोनापूरच्या कॅम्पातला आपला पोरगा मनात आणील तर मुंबईच्या शेठच्या आधी सिनेमा पाहू शकतो. (सोनापूर हे दुबईतल्या कामगार वसाहतीचे लोकांच्या तोंडचे नाव. मुंबईच्या जुन्या माणसाला सोनापूर म्हटले की स्मशान आठवते. आई पहिल्यांदा पत्ता ऐकते तेव्हा तिच्या पोटात गोळाच येतो.)

सिनेमाच्या खाली अरबी अक्षरे फिरत असतात. शेजारच्या खुर्चीवर पाकिस्तानी, पुढे नेपाळी, मागे बांगलादेशी, आणि विनोदाला सगळे एकदम हसतात. मल्याळी तर सर्वत्र. आपल्या मुलांना मल्याळी सोबत्याशी ओळख वाढवायला एक नाव पुरते. डॉ. जब्बार पटेल यांच्या २००० सालच्या सिनेमात बाबासाहेबांची भूमिका मामुट्टीने केली, त्या भूमिकेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘तुमचा मामुट्टी तो आमचा बाबासाहेब’ असे सांगितले की खोलीत चहा लवकर मिळतो, असे तिकडून आलेली मंडळी सांगतात.

पण तिकिटाला पैसे असले म्हणजे दरवाजा उघडतोच असे नाही. आखातात एक शब्द आहे, ‘बॅचलर’. आपण त्याचा अर्थ अविवाहित असा घेतो. तिकडे बायको, तीन मुले, म्हातारे आईबाप गावी असलेला पन्नाशीचा माणूसही बॅचलर. कारण तो एकटा राहतो, आणि एकटा राहतो कारण कुटुंब आणण्याइतका पगार त्याला नाही. म्हणजे बॅचलर हा गरिबीचाच दुसरा शब्द झाला. कतारमधल्या काही मॉलांत सुट्टीच्या दिवशी ‘फॅमिली डे’ पाळला जाई. त्या दिवशी एकट्या पुरुषांना आत सोडत नसत. नव्या पद्धतीची चित्रगृहे मॉलच्या आतच असतात. म्हणजे ज्या एका दिवशी मजुराला सुट्टी, त्याच दिवशी सिनेमाच्या वाटेवर पहारा. एकटा गोरा इंजिनिअर आला तर त्याला कोणी बॅचलर म्हणत नसे. बॅचलर कोण, हे दारावरचा रखवालदार कपडे आणि कातडी पाहून ठरवी.

वाचकहो, ही गोष्ट ऐकून आपल्याला नवल वाटू नये. तोंड पाहून दार लावणे आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले. म्हणूनच बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असताना तयार झालेल्या संविधानात कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही आली. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला अडवता येणार नाही. पुढे १९५५ च्या कायद्याने, ज्याला आता नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेपायी असे अडवणे हा गुन्हा ठरला. सिनेमाचे दार ही संविधानात लिहिण्याजोगी बाब आहे का, असे एखाद्याला वाटेल. ज्याला कधी कोणी अडवले नाही, त्यालाच तसे वाटते. आपले संविधान मात्र विमानात बसून आपल्या माणसाबरोबर जात नाही. परक्या मुलखात त्या मुलखाचा कायदा.

दोहाच्या औद्योगिक भागाजवळ कामगारांसाठी ‘एशियन टाउन’ नावाची वसाहत उभी राहिली आहे. दुकाने, क्रिकेटचे मैदान, खुले प्रेक्षागृह आणि चित्रपटगृहेही. तिथे हिंदी, मल्याळी, तमिळ सिनेमे लागतात. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी ज्यांनी स्टेडियमे बांधली त्यातले कितीतरी कामगार तिथल्या मोठ्या पडद्यावर सामने पाहत बसले होते. आता याला काय म्हणावे? दहा-बारा तास उन्हात राबलेल्या माणसाला राहत्या जागेजवळ सिनेमा पाहायला मिळतो, कोणी हटकत नाही, हे चांगलेच. मी त्याला नावे ठेवणार नाही. पण शहराबाहेर वेगळी वस्ती, त्या वस्तीचे वेगळे दुकान, वेगळे मैदान, वेगळे थिएटर. गावकुसाबाहेरच्या माणसाला हा नकाशा ओळखीचा वाटल्याखेरीज राहत नाही. सोय दिली म्हणून शेजार दिला असे होत नाही.

आणि पडद्यावर काय दिसावे यालाही कुंपण आहेच. मार्च २०२४ मध्ये ‘आडुजीवितम्’ हा मल्याळी सिनेमा आला. आखातात कामाला गेलेल्या आणि वाळवंटात शेळ्या राखायला गुलामासारखा डांबला गेलेल्या केरळच्या मजुराची ही खऱ्या घटनेवर आधारलेली कथा. बेन्यामिन यांची त्यावरची कादंबरी २००८ ची. प्रदर्शनाच्या वेळी आखाती देशांपैकी फक्त अमिरातींतच त्याला वाट मिळाली. ज्याची कथा, त्याच्याच शेजारी ती लागली नाही.

आजकाल सगळ्यांच्या हाती मोबाइल आहे. ‘जय भीम’ हा २०२१ चा सिनेमा थिएटरात आलाच नाही, सरळ मोबाइल-टीव्हीवर आला, आणि कॅम्पातल्या खाटेवर पडून आपल्या मुलांनी तो पाहिला. हे बरेच झाले. पण कानात वायर घालून भिंतीकडे तोंड करून पाहिलेला सिनेमा आणि चारशे माणसांत बसून पाहिलेला सिनेमा यात फरक आहे. थिएटरात दोन-अडीच तास तो कोणाचा हेल्पर नसतो. त्याचा नंबर कोणी पुकारत नाही. खुर्ची त्याने विकत घेतलेली असते.

हे सांगण्याचे कारण असे. आमच्या कार्यालयात संध्याकाळी आम्ही लोकांचे अर्ज लिहून देतो. मध्यंतरी एक मावशी मुलाची तक्रार घेऊन आल्या. ‘भाऊ, पोरगा तिकडे सिनेमे बघतो आणि इकडे घराचा पत्रा गळतो. तुम्ही त्याला चार शब्द सांगा.’ विचारता कळले की मुलाने दोन महिन्यांत एक सिनेमा पाहिला, बसभाड्यासकट पन्नासेक दिरहम खर्चून. दरमहा घरी पाठवायचे पैसे त्याने एकदाही चुकवलेले नव्हते. मावशींची काळजी खोटी नव्हती, पत्रा खरोखरच गळत होता. तरी मी मुलाला चार शब्द सांगितले नाहीत. मावशींनाच म्हणालो, आपण इथे विहाराची सहल काढतो, लग्नात बॅण्ड लावतो, मॅटिनीला जातो. त्याने तिथे दोन महिन्यांत एवढे केले तर त्याचा हिशेब मागू नका. मावशी काही बोलल्या नाहीत, पण मुलाचा फोन लावून दिला आणि मोबाइल माझ्याच हाती दिला.

मी त्याला विचारले, पाहिलेल्यापैकी लक्षात कोणता राहिला? तो म्हणाला, ‘काला’. २०१८ मध्ये नवीनच दुबईला गेला होता, तेव्हा खोलीतल्या तमिळ सोबत्याबरोबर पाहिला. तमिळ त्याला येत नाही, इंग्रजी अक्षरे वाचेपर्यंत पुसली जात. सोबती कानात अर्थ सांगत होता. पण रजनीकांतची जीप आली आणि पाळी उलटली. जीपचा नंबर होता एमएच ०१ बीआर १९५६. याने खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली. सोबत्याला कळेना, नुसता गाडीचा नंबर पाहून हा एवढा का हरखला. शेवटी पडद्यावर काळा, लाल आणि निळा रंग उधळला, तेव्हा त्याने पुन्हा विचारले. मग परतीच्या बसमध्ये बीआर म्हणजे कोण आणि १९५६ साली नागपूरला काय झाले, हे मोडक्या हिंदीत समजावून देता देता सोनापूर कधी आले ते दोघांनाही कळले नाही.