गुन्हा कोणी ठरवायचा?

मडगावात १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी झुगारून भाषणाला आरंभ केला, आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना व डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांना पकडले. तत्कालीन कायद्यानुसार तो गुन्हाच होता. पुढे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली व पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात डांबण्यात आले. आज पणजीतील एक हमरस्ता त्या १८ जूनचे नाव मिरवितो.

खून, दरोडा ही कृत्ये बहुतेक सर्व समाजांनी मुळातच निंद्य मानली आहेत. इतर असंख्य कृत्ये केवळ कायद्याने निषिद्ध केली म्हणून गुन्हा ठरतात. गुन्हाशास्त्राचा हा पहिला धडा. पण या दोहोंमधील सीमारेषा स्थिर नसते. व्यभिचाराचे १८६० च्या दंडसंहितेतील कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्दबातल केले. व्यभिचार घटस्फोटाचे कारण म्हणून उरला, तुरुंगाचे कारण म्हणून नव्हे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम याच्या मते समाजाचा धिक्कार आधी येतो व त्यापोटी गुन्हा जन्मतो. विचार मार्मिक आहे. मात्र 'समाज' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो प्रश्न गोमंतकात मांडवीच्या पाण्यावर तरंगतो आहे. १९७६ च्या कायद्याने येथे सार्वजनिक जुगारास बंदी घातली. १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी आणि १९९६ साली जहाजांवरील जुगारासाठी त्याच कायद्याला वाट करून देण्यात आली. ही जहाजे किनाऱ्यापासून दूर असावीत, असा कायद्याच्या शब्दांचा सरळ अर्थ; प्रत्यक्षात ती राजधानीच्या धक्क्यावरून दिसतात! तिसवाडीतल्या एखाद्या गाड्यावर मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिणारा मात्र पोलिसांना सापडला की आरोपी. पैसा दोन्हीकडे दैवावरच लावला जातो. फरक परवान्याचा आहे, आणि परवाना विकत घेण्याच्या ऐपतीचा.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड याने १९३९ साली प्रतिष्ठितांच्या गुन्हेगारीकडे लक्ष वेधले. पांढरपेशाचे अपकृत्य फौजदारी न्यायालयापर्यंत पोचतच नाही, ही त्याची तक्रार होती. आमच्या खाणींचा इतिहास आठवावा. शहा आयोगाच्या अहवालाने २०१२ साली बेकायदा खननामुळे झालेले नुकसान सुमारे ३५ हजार कोटी रुपये असल्याचे म्हटले. हा आकडा वादग्रस्त ठरला, हे खरे. परंतु २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खनन बेकायदा होते, हे सर्वोच्च न्यायालयानेच २०१४ साली सांगितले. तरीही चर्चेत शब्द रूढ झाला तो 'अनियमितता'. नारळ चोरणाऱ्याच्या बाबतीत हा शब्द कोणी वापरल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या संहितेची छाननी संसदेने केली. जुगाराचा कायदा मात्र राज्याचा, म्हणून त्याची छाननी गोवा विधानसभेनेच करावयास हवी. किनाऱ्यावर जे निषिद्ध ते डेकवर विहित कसे, याचे लेखी उत्तर सरकारने येत्या अधिवेशनात द्यावे.