तुमच्या गाडीचा एलईडी आणि समोरच्याचा डोळा

परवा हिंगणघाटकडचे ६२ वर्षांचे एक शेतकरी तपासायला आले. सोबत मुलगा. "डॉक्टरसाहेब, दिवसा सगळं दिसते. रात्री समोरून गाडी आली का नुसतं पांढरं होते. मंगळवारी पुढची बैलबंडी दिसलीच नाही. मोटारसायकल रस्त्याखाली घातली म्हणून वाचलो." तक्त्यावर दोन्ही डोळ्यांची नजर ६/९, म्हणजे बरीच चांगली. बाहुली मोठी करून पाहिलं, तर दोन्हीकडे सुरुवातीचा मोतीबिंदू. मी समजावून सांगत होतो तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आजकाल लाईटच तसे आले आहेत. मीपण आपल्या कारमध्ये एलईडी टाकले. घरीच बसवले, दोन हजारांत."

हा लेख त्या मुलासाठी, आणि तुम्हीही असे बल्ब बसवले असतील तर तुमच्यासाठी.

एलईडीवर माझा राग नाही. कंपनीतूनच एलईडी दिवे घेऊन आलेल्या गाडीत परावर्तक आणि भिंग त्याच चिपसाठी घडवलेले असतात. हॅलोजनच्या दिव्यातली चकचकीत वाटी मात्र एका बारीक तारेसाठी बनवलेली असते. तार मिलिमीटरने सरकली तरी झोताचा नेम चुकतो. त्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिपा खोचल्या की उजेड खाली रस्त्यावर राहत नाही, वर उडतो. वर काय असतं? समोरच्याचे डोळे.

अंधाराला सरावलेल्या डोळ्यात रोडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य साठलेलं असतं. पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि प्रखर झोत ते क्षणात फिकं करतो. तरुण डोळा काही सेकंदांत रस्ता पुन्हा ओळखू लागतो. वय वाढलं की ते सेकंद वाढतात. त्यात मोतीबिंदू असेल तर गढूळ भिंगात उजेड विखुरतो आणि धुळकट काचेवर ऊन पडावं तसा पडदा येतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. चार सेकंद दिसलं नाही, तर ६७ मीटर आंधळेपणाने कापलेले असतात. आपल्या तालुक्यांतले बहुतेक रस्ते दुभाजकाविना आहेत. त्या ६७ मीटरमध्ये कापसाची बंडी असू शकते, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर असू शकतो, नाहीतर रोही.

"पण डॉक्टर, रोही दिसावा म्हणूनच तर टाकले!" हे मला रोज ऐकवतात, आणि त्यातली भीती खरी आहे. पण बोनेटपुढचे पंधरा-वीस मीटर लख्ख झाले की तुमचीच बाहुली आकसते आणि दूरचं उलट कमी दिसतं. जवळचा पांढराशुभ्र रस्ता पाहून वाटतं, वा, काय दिसतंय! रोही त्याच्या पलीकडे उभा असतो.

कायद्यानेही डोळाच मोजला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ सांगतो, की दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. दीड मीटर म्हणजे साधारण सायकलवरच्या माणसाचे डोळे. शिवाय गाडीत परवानगीशिवाय केलेल्या फेरफारासाठी कलम १८२-अ खाली दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंड होतो किती जणांना, ते तुम्हीही पाहताच.

उजेड खरंच कमी वाटत असेल तर आधी दिव्याची पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या. समोरची काच आतून पुसा, तिथे तेलकट थर बसतो आणि कोणी बघत नाही. वायरिंग तपासा, जुना हॅलोजन बदलून तेवढ्याच वॅटचा नवा चांगला टाका. मग रात्री सपाट जागी, भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून लो बीम लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट दिसली पाहिजे, दिव्याच्या उंचीपेक्षा चार बोटं खाली. घरी बसवलेल्या एलईडीची बहुधा कडच सापडत नाही, भिंतभर उजेड सांडलेला असतो. नंबरप्लेटच्या दिव्यात एलईडी टाकलात तर माझं काही म्हणणं नाही.

आणि तुम्हाला स्वतःला रात्री त्रास होत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. उजेडाच्या खोलीतल्या तक्त्यावर हा त्रास दिसत नाही, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कधी करायची हे फक्त तक्त्यावरून ठरत नाही. रात्रीसाठी म्हणून विकतात ते पिवळे चष्मे घेऊ नका. ते आहे तो उजेडही कमी करतात.

काकांना शस्त्रक्रिया होईपर्यंत अंधार पडल्यावर मोटारसायकल बंद करायला सांगितली. मुलाला विचारलं, जुने बल्ब फेकलेस का?

"नाही जी, डिक्कीतच आहेत."