शब्द विसरतात, कारण ते कुणी विचारतच नाही

महालात बडकस चौक, केळीबाग रोड, गांधी गेट असा फेरफटका मारला की इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासचे फलक दिसतात. तिथे जाणारे सगळेच काही शाळकरी नसतात. साड्यांच्या दुकानात काउंटर सांभाळणारा तरुण असतो, मराठी शाळेतून पॉलिटेक्निकला गेलेली मुलगी असते, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून चाळिशीत वही घेतलेली आई असते. बहुतेकांना पहिल्या दिवशी एकच मंत्र मिळतो: रोज दहा शब्द पाठ करा. हिशेब झकास आहे, महिन्याला तीनशे आणि वर्षाला साडेतीन हजार! प्रत्यक्षात महिनाअखेरीस वही भरलेली असते आणि तोंडात ऐनवेळी शब्द येत नाही. मग माणूस स्वतःवरच ठपका ठेवतो, ‘आपलं डोकंच इंग्रजीचं नाही.’ या एका वाक्यापायी किती जणांनी शिकणे सोडले असेल! माझ्या मते दोष डोक्याचा नाही, त्या दहा शब्दांच्या पद्धतीचा आहे.

विसरणे हा मेंदूचा आजार नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये हे मोजून दाखवले. त्याने निरर्थक अक्षरगट पाठ केले आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात, हे पाहिले. पहिल्या पाठांतराचा निम्म्याहून अधिक फायदा तासाभरात गेलेला होता. दुसऱ्या दिवशी साधारण एक तृतीयांश उरला, महिन्याने एक पंचमांश. म्हणजे गळती सुरुवातीला जोरात होते आणि पुढे मंदावते. अर्थ असलेले शब्द इतक्या झपाट्याने जात नाहीत, पण गळतीची तऱ्हा तीच असते. मग पहिल्या दिवसाचे दहा शब्द तिथेच सोडून दुसऱ्या दिवशी नवे दहा घेणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे झाले.

वही पुन्हा वाचली तर? इथेच खरी फसगत आहे. अमेरिकेतील जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द त्यांच्या इंग्रजी अर्थांसह शिकवले. सगळ्यांनी यादी पुरी केली. फरक एवढाच, की एकदा आलेला शब्द काहींना पुन्हा पुन्हा विचारला गेला, तर काहींना तो फक्त पुन्हा वाचायला मिळाला, विचारला गेला नाही. आठवड्याने विचारले जाणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, नुसते वाचणाऱ्यांना जेमतेम एक तृतीयांश. आणि आपल्याला किती आठवेल, असा अंदाज आधी घेतला, तेव्हा सगळ्या गटांनी साधारण निम्मे सांगितले होते. म्हणजे कोणत्या अभ्यासाचा उपयोग होतो आहे, हे शिकणाऱ्याला स्वतःला कळत नाही. डोळ्यांना ओळखीचा झालेला शब्द आपल्याला येतो, असे वाटत राहते.

त्या यादीत ‘मशुआ’ असा एक शब्द होता, अर्थ होडी. मराठी वाचकाला तो ऐकताच कोकणातला मचवा आठवेल आणि बहुधा उद्याही लक्षात राहील. नवा शब्द एखाद्या जुन्या, घरच्या शब्दाच्या खुंटीला टांगला की टिकतो. वाक्यात आला, प्रसंगात आला की आणखी टिकतो. साडीच्या दुकानातल्या तरुणाने यादीतला कुठलाही अवघड शब्द घोकण्यापेक्षा ‘एक्स्चेंज’, ‘फेड’, ‘श्रिंक’ हे शब्द गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या वाक्यात घ्यावेत. रंग जाईल का, कापड आटेल का, हे त्याला रोजच कुणीतरी विचारते. उलट आपल्याकडे ‘के-एन-ओ-डब्ल्यू नो’ अशी स्पेलिंगची आरोळी चालते. मराठी लिहिल्याप्रमाणे वाचता येते, इंग्रजीचे तसे नाही, म्हणून स्पेलिंग पाठ करावे लागते, हे मान्य. पण त्या आरोळीत अक्षरांचा क्रम बसतो, अर्थाचा पत्ताही नसतो.

आपल्या घरांत परवचा होती. दिवेलागणीला पाढे, पावकी, निमकी, दिडकी. तिच्याकडे आज घोकंपट्टी म्हणून बोट दाखवतात. पण एखादे आजोबा मध्येच थांबवून ‘तेरा साते?’ असे विचारत, तेव्हा तीच परवचा चाचणी होई. इंग्रजीच्या वहीला नेमके हे आजोबा नाहीत.

ते आणायला पैसे लागत नाहीत. वहीचे पान उभे दुमडावे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठी बाजू पाहून इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणावा आणि मगच पान उलटावे. ही दिशा महत्त्वाची आहे, कारण बोलताना विचार मराठीत येतो आणि शब्द इंग्रजीत हवा असतो. आपण मात्र नेहमी इंग्रजी शब्द पाहून अर्थ सांगण्याचाच सराव करतो. आज लिहिलेला शब्द उद्या विचारावा, मग तीनचार दिवसांनी, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. हे आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत. आला तर अंतर वाढवायचे, अडला तर कमी करायचे. अडला की चिडू नये. आठवायला थोडे कष्ट पडले तर शब्द अधिक घट्ट बसतो. अर्थात असे करताना रोज दहा नवे शब्द झेपणार नाहीत. चार घ्यावेत.

झोपेचेही सांगायला हवे. जागे असतानापेक्षा झोपेच्या काळात विसरणे कमी होते, हे १९२४ मध्येच जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवले होते. दिवसभराच्या आठवणी पक्क्या करण्याचे काम मेंदू झोपेत करतो, हे पुढच्या संशोधनातूनही दिसले आहे. दुकान बंद करून रात्री एक वाजेपर्यंत यादी घोकणाऱ्याने वही मिटून आधी झोपावे. परीक्षेच्या हंगामात खपणाऱ्या स्मरणशक्तीच्या टॉनिकांवर पैसे घालवू नयेत; न विचारलेला शब्द कुठल्याही बाटलीतून परत येत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. पंचवीस वर्षांत वर्षे वाढली, पण धडा संपला की त्यातले शब्दही संपले, ही रीत बरीचशी तशीच राहिली. जूनमधले शब्द ऑगस्टमध्ये तोंडी विचारायला वर्गात पाच मिनिटे पुरतात. त्यासाठी गुण ठेवायचीही गरज नाही; गुण आले की भीती येते. क्लासला फी भरणाऱ्यांनीही किती शब्द शिकवता, हे विचारू नये. पहिल्या आठवड्यातले शब्द चौथ्या आठवड्यात विचारता का, एवढे मात्र पावती फाडण्याआधी विचारून घ्यावे.