परसातली भाजी शाळेच्या ताटात

मृग नक्षत्र लागले की आपल्या झाडीपट्टीत सर्वांची नजर धानाच्या बांधीकडे वळते. पऱ्हे कधी टाकायचे, बियाणे कुठले आणायचे, नांगर कधी जुंपायचा, याच गोष्टी चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत चालतात. घरामागची वाडी मात्र या गडबडीत तशीच राहते. तिथे काड्या पडतात, जळतण रचले जाते, शेळी बांधली जाते. फार तर कुंपणावर एखादा दोडक्याचा वेल चढतो. या आठवड्याच्या सदरात वाचकांचे लक्ष मी त्या दोन-तीन गुंठ्यांकडे वळवणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, प्रत्येक घरामागे भाजीची वाडी असावी आणि तिचा काही वाटा गावातल्या शाळेच्या ताटात जावा.

आरोग्याच्या सदरात बागकामाचे काय काम, असे कुणी विचारील. आपल्या मुलांचे ताट डोळ्यांसमोर आणा. भात भरपूर असतो. सोबत पातळ वरण, बटाट्याच्या दोन फोडी, तिखट आणि मीठ. पोट भरते, पण रक्त वाढवणारे, डोळे शाबूत ठेवणारे, जखम लवकर भरून आणणारे घटक या ताटात फारच थोडे असतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे ६७ मुलांना रक्तक्षय आहे. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात ५७ आहे. हीच मुले सहाव्या वर्षी शाळेच्या बाकावर येऊन बसतात. दुपारी पेंगणारे, खेळताना दमणारे, पाढा लक्षात न राहणारे मूल आळशीच असते असे नाही. त्याच्या रक्तात कमतरता असू शकते.

शाळेत मिळणाऱ्या जेवणाचाही विचार करू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना देशात सुरू झाली, तेव्हा आपल्या राज्यात मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर शाळेत चूल पेटली. आज प्राथमिक वर्गाच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. तांदूळ सरकारी गोदामातून येतो. भाजी मात्र बाजारातून आणावी लागते, आणि अडचण होते ती इथेच.

बाजार कुठे आहे? गडचिरोली, आरमोरी, वडसा किंवा चामोर्शीच्या आसपास ठीक आहे. पण एटापल्ली, भामरागड, कोरचीच्या आतल्या गावात आठवडी बाजार हाच काय तो आधार. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट बंद पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. अशा दिवसांत बाहेरून येणारी भाजी आलीच तर महाग आणि शिळी. मग खिचडीत कांदा-बटाटा पडतो, आणि वहीत मात्र भाजी लिहिली जाते. यात स्वयंपाक करणाऱ्या बाईचा दोष नाही. हाताशी जे असेल तेच ती चुलीवर चढवणार.

आता साधा हिशोब करा. ४० मुलांची शाळा असेल तर रोजची भाजी २ किलो लागते. एका घरची वाडी रोज २ किलो देणार नाही, तसे वचन कुणी देऊही नये. पण शाळेच्या जवळच्या सहा घरांनी वार वाटून घेतले, एका घराने आठवड्यातून एकदा २ किलो पालेभाजी, दोडके किंवा काशीफळ दिले, तर सहाही दिवस मुलांच्या ताटात ताजी भाजी पडते. आठवड्यातून २ किलो भाजी ही नीट राखलेल्या वाडीला जड नाही. घरचे पोट भरून शेजाऱ्याला वाटा द्यायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. त्या वाट्याला फक्त शाळेची दिशा द्यायची आहे.

ही कल्पना नवी नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. हाताच्या कामातून शिकवण्याची जी नयी तालीम तिथून पुढे आली, तिच्यात सूतकताईबरोबर शेतीलाही जागा होती. सेवाग्रामला २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत आजही मुले बागेत काम करतात आणि त्यातून शिकतात. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील बर्कले गावी, १९९५ मध्ये एका शाळेच्या आवारात मुलांसाठी भाजीची बाग आणि स्वयंपाकघर सुरू झाले. पुढे त्याचे अनुकरण पुष्कळ ठिकाणी झाले. आपल्या केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये शाळांतील पोषण परसबागेसाठी सूचना काढल्या.

सूचना निघाल्या, फलक लागले, काही शाळांनी खरोखर सुंदर बागा केल्या. तरी पुष्कळ ठिकाणी बाग टिकत नाही. तपासणीच्या आधी वाफे होतात, फोटो निघतो, आणि दिवाळीच्या सुटीत सगळे वाळून जाते. माझ्या मते यामागे आळसापेक्षा सुट्यांचा मोठा वाटा आहे. दिवाळीत शाळा बंद, उन्हाळ्यात दीड-दोन महिने बंद, आणि विदर्भात उन्हामुळे शाळा उघडतेच मुळी जूनच्या अखेरीस. रोपाला मात्र सुटी नसते. त्याला पाणी कोण घालणार? गुरुजी दुसऱ्या गावाहून ये-जा करतात. म्हणून शाळेच्या आवारातली एकटी बाग मरते आणि घराला जोडलेली वाडी जगते. शाळेने एकटीने बाग करण्यापेक्षा आजूबाजूच्या घरांशी जोडून घ्यावे, असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

माझ्या घरामागची वाडी अशीच एका शाळेजवळ आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दहा-बारा मुले येतात. त्यांना मी मुळ्याचा वाफा देतो, कारण मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो आणि मुलांना धीर कमी असतो. तिसरीतला एक मुलगा ताटातली भाजी नेहमी बाजूला सारायचा, असे त्याच्या बाई सांगत. मुळा काढायच्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे. "काका, हा मी पेरला होता, मीच उपटीन!" म्हणाला. उपटला, धुतला आणि तिथेच मिठाबरोबर कराकरा खाल्ला. पाला शाळेत गेला, त्याची भाजी झाली, तीही त्याने खाल्ली. आपण पेरलेले मूल टाकत नाही. भाजी खा म्हणून शंभरदा सांगून जे होत नाही, ते एका वाफ्याने होते.

आता वाडीत काय लावावे? सात दिवसांचे सात वाफे ही सोपी पद्धत आहे. एकाच दिवशी सगळे पेरू नये. आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरले की एकामागून एक भाजी निघत राहते. पावसाच्या सुरुवातीला भेंडी, बरबटी, अंबाडी, दोडका, कारले, काशीफळ लावावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पालक, मेथी, सांभार, मुळा, वांगी, टमाटे. मेथी आणि पालक महिनाभरात हाताशी येतात. उन्हाळ्यात पाणी असेल तर चवळाई आणि पालकाचा एखादा वाफा सावलीला राखावा. न्हाणीच्या सांडपाण्यावर कोचई आणि पपई चांगली येते.

आणि कोपऱ्यात एक मुंगना अवश्य हवा. याला कुणी शेवगा म्हणतात. आपण शेंगा आवडीने खातो आणि पाला शेळीला टाकतो. खरे तर पाल्यात कॅल्शियम, लोह आणि अ जीवनसत्त्व तयार करणारे घटक भरपूर आहेत. मूठभर कोवळा पाला वरणात टाकला तर मुलांना कळतही नाही. पावसाच्या तोंडाशी मनगटाएवढी फांदी रोवली की ती जगते.

शिजवतानाही थोडे ध्यान हवे. पालेभाजी चिरण्याआधी धुवावी, नंतर नव्हे. शिजवलेले पाणी फेकू नये. थोडे तेल हवेच, त्याशिवाय अ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. ताटात लिंबाची फोड असली की भाजीतले लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते.

वाडीमुळे रानातली भाजी सोडा, असे मी म्हणत नाही. तरोटा, कुड्याची फुले, वास्ते ही आपल्या मातीची देणगी आहे. डॉ. राणी बंग यांच्या 'गोईण' या पुस्तकात गडचिरोलीच्या बायांचे झाडांविषयीचे ज्ञान नोंदवलेले आहे. ते वाचले की आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना किती ठाऊक आहे, हे ध्यानात येते. शाळेच्या मुलांना वाडी दाखवायला गुरुजींइतक्याच या आज्या लायक आहेत.

चार गोष्टींत मात्र सावध राहावे. पहिली, पायांत चप्पल. आकडीकृमीची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते आणि आतड्यात राहून रक्त पिते. रक्त वाढावे म्हणून बाग करायची आणि त्याच बागेत रक्त गमवायचे, हे परवडणारे नाही. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि शाळेत जंताची गोळी मिळेल तेव्हा ती चुकवू नये. दुसरी, पाणी. आपला जिल्हा मलेरियाचा आहे. बागेसाठी भरलेली टाकी, फुटके माठ, टायर यांत पाणी साचू देऊ नये. टाकी झाकावी आणि आठवड्यातून एकदा कोरडी करावी. तिसरी, औषध. कापसावर फवारायचे औषध वाडीत कदापि नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, ते आपण विसरलेलो नाही. किडीसाठी राख आणि निंबोळीचा अर्क पुरे. चौथी, साप. कुंपणालगतचे गवत आणि काड्यांचे ढीग साफ ठेवावेत, मुलांना सांजवेळी वाडीत पाठवू नये.

वाडी म्हणजे दवाखाना नव्हे, हेही सांगितले पाहिजे. रक्तक्षय फार असेल तर केवळ भाजीने तो जाणार नाही, तपासणी आणि गोळ्या लागतील. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. पालेभाजीतले फोलेट त्यांना उपयोगी आहे, पण भाजीने सिकलसेल बरा होत नाही. अशा मुलाला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात.

काही आक्षेप मी ऐकले आहेत. शाळेत मुले शिकायला येतात, मातीकाम करायला नव्हे, असे काही पालक म्हणतात. त्यांचे म्हणणे मला अर्धे पटते. मुलांना मजूर म्हणून राबवू नये, उन्हात खड्डे खणायला लावू नये आणि त्यांनी पिकवलेली भाजी मोठ्यांच्या पिशवीतून दुसरीकडे जाऊ नये. आठवड्याला एक तास पुरे. त्यात वाफ्याची लांबी-रुंदी मोजली की गणित होते, अंकुर पाहिला की विज्ञान होते. दुसरा आक्षेप, आमचेच भागत नाही तर शाळेला काय देणार? ज्यांना झेपत नाही त्यांनी देऊ नये. पण ज्यांच्या वाडीत दोडके वेलावरच जून होतात, त्यांनी तरी विचार करावा.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. शाळेजवळची सहा घरे ठरवा, वार वाटून घ्या, आणि कोणत्या घरून किती भाजी आली याची वही मुलांच्याच हाती द्या. बियाणे आणि सल्ल्यासाठी कृषी सहायकाला गाठा, किंवा सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात एक चक्कर मारा. जूनअखेर शाळेची घंटा वाजेल तेव्हा पहिला वाफा पेरलेला असावा. भादव्यापर्यंत अंबाडी आणि बरबटी ताटात येईल.