टीएमसीवर भांडण, गल्लीतल्या पाइपाकडं डोळेझाक

पाण्यावरून भांडायचं म्हटलं की आपण बारामती-इंदापूरवाले मागं हटत नाही. 2019 ला नीरा देवघरचं पाणी डाव्या कालव्याला की उजव्या, यावरून फलटण, माळशिरस, सांगोल्याशी वाजलं. 2021 ला उजनीचं 5 टीएमसी इंदापूरला द्यायचं ठरलं, सोलापूर पेटलं आणि आदेश रद्द झाला. टीएमसी म्हणजे काय हे आपल्याकडं शाळेतलं पोरगंही सांगेल. पण टाकीतून सुटलेल्या पाण्यातलं नळाला किती पोचलं, हे कुणी विचारत नाही.

केंद्राने 2008 ला शहरांसाठी मापदंड ठरवले. गळती, चोरी, फुकटचे जोड, सगळं धरून ज्याची पट्टी मिळत नाही असं पाणी 20 टक्क्यांच्या आत हवं. पुण्यात ते 40 टक्क्यांच्या आसपास असल्याचं महापालिकाच सांगत आली आहे. छोट्या गावांत बहुतेक ठिकाणी टाकीच्या तोंडाला चालू मीटर नाही आणि घराला वर्षाची ठोक पट्टी. एका पालिकेत (नाव नको) मी गळतीचा आकडा विचारला, तर साहेबांनी मलाच विचारलं, किती लिहायचा!

साधा हिशोब करू. जोडातून एवढंच गळतंय की लिटरची बाटली 6 सेकंदांत भरते. तासाला 600 लिटर झालं. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. म्हणजे तासभर पाणी सुटलं तरी चार माणसांचं दिवसाचं पाणी त्या एका जोडातून गेलं. असे जोड गावात किती? मोठी लाइन फुटली की कारंजं उडतं, फोटो येतो, दुरुस्ती होते. फेरूलपाशी वर्षानुवर्षं पाझरणाऱ्या पाण्याची बातमी होत नाही. ते पाणीही वीज जाळून उचललेलं, तुरटी-क्लोरीन घातलेलं असतं. शिवाय पाणी बंद झालं की रिकामा पाइप त्याच भोकातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढतो. पहिली दहा मिनिटं नळाला वास येतो तो बऱ्याचदा यामुळं. वर आपण नळाला थेट मोटार लावतो, ती तर आणखी ओढते.

यावर आपल्याकडं एक ठरलेलं उत्तर आहे. मुरलेलं पाणी जातंय कुठं, विहिरीलाच येतंय ना? नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला शेतकऱ्यांनी विरोध केला तो याच मुद्द्यावर, आणि तो मला पटतो. कालव्याच्या पाझरावर कितीतरी विहिरी जगल्यात. पण तो न्याय गावातल्या पाइपाला लावू नका. इथलं पाणी गटाराला मिळतं. विहिरीत उतरलं तरी पिण्यासाठी शुद्ध करायला केलेला खर्च मातीत गेलाच.

कराडशेजारचं मलकापूर काही पुण्या-मुंबईएवढं नाही. तिथं जीवन प्राधिकरणाने 24 तास पाण्याची योजना केली, घरोघरी मीटर लावले, जास्त वापराला चढा दर ठेवला. नगरपंचायतीला त्यासाठी पंतप्रधान पुरस्कार मिळाला. 24 तास पाणी म्हटल्यावर लोक जास्त वापरतील असं वाटतं, पण उद्या येणार याची खात्री असली की पिंपं भरून ठेवून शिळं म्हणून ओतायची सवय जाते.

मीटर म्हटलं की आपल्याकडं सगळे पक्ष एक होतात. बिल वाढेल ही भीती खोटी नाही. म्हणून घरच्या मीटरवरून सुरुवात नकोच. आधी प्रत्येक टाकीला मीटर लावा. रात्री 2 ते 4, सगळे झोपलेले असताना, एकेका भागाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पाणी किती जातं ते मोजा. घरच्या टाक्या भरलेल्या असताना जे वाहतंय, त्यातली बरीचशी गळतीच. कुठल्या प्रभागात खोदायचं ते तिथंच कळतं. नव्या टाकीच्या मानाने हे फार स्वस्त आहे, फक्त जमिनीखालच्या जोडावर कोनशिला बसवता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नगरसेवक नव्या टाकीचं सांगायला आले, की जुन्या टाकीतून महिन्याला किती सुटलं आणि किती पोचलं, तो कागद आधी मागा.