बिलाची चिंता, वायरिंगची उपेक्षा

विजेची बचत हा विषय गेल्या दोन दशकांत शहरी घरांत चांगलाच रुजला. फ्रिज घेताना त्यावरील तारे मोजले जातात, पिवळ्या दिव्यांची जागा एलईडीने घेतली आहे आणि बिलातील युनिटचा आकडा घराघरांत चर्चिला जातो. मात्र ही वीज ज्या तारांमधून घरात खेळते, त्या तारांचे वय किती, त्यांची क्षमता किती, अर्थिंग शाबूत आहे की नाही, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. बचत आणि सुरक्षितता या एकाच नाण्याच्या दोन बाजू असताना, एकीला सरकारी धोरणाचे पाठबळ मिळाले आणि दुसरी घरमालकाच्या मर्जीवर सोडून देण्यात आली.

बचतीच्या आघाडीवरील वाटचाल निश्चितच उल्लेखनीय आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली आणि २००६ पासून उपकरणांवर तारांकनाची पट्टी दिसू लागली. २०१० मध्ये एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजसाठी ती सक्तीची झाली, तर २०२३ पासून छताचे पंखेही तिच्या कक्षेत आले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले.

याचा लाभ साध्या हिशेबातूनही कळतो. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटरचा नवा पंखा सुमारे ३० वॅट. रोज १२ तास वापर धरला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. तीन पंख्यांमागे जवळजवळ ५०. महावितरणच्या दरपत्रकात १०० युनिटनंतरचा टप्पा महाग असल्याने ही वाचलेली वीज सर्वांत महागड्या टप्प्यातील असते. एसीचे तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरोचे म्हणणे आहे. २०२० पासून नव्या एसींचे तापमान मुळातच २४ अंशांवर ठेवण्याचा नियम झाला, तो याच कारणाने.

भार वाढला, तारा त्याच

प्रश्न उरतो तो तारांचा. मुंबई, ठाणे, पुण्यातील सत्तर-ऐंशीच्या दशकांतील इमारतींची वायरिंग दोन-चार दिवे, दोन पंखे, इस्त्री आणि रेडिओ यांच्या हिशेबाने झालेली आहे. अनेक ठिकाणी त्या काळातील ॲल्युमिनियमच्या तारा आजही भिंतीत आहेत. त्याच घरात आज दीड टनी एसी, दोन किलोवॅटचा गिझर, मायक्रोवेव्ह आणि वॉशिंग मशीन एकाच वेळी चालू झाले, तर भार सहज पाच किलोवॅटवर, म्हणजे २० अँपिअरच्या पुढे जातो. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. सैल जोडाच्या जागी ती एकवटते, आवरण कडक होऊन तडकते आणि पुढे ज्याला सरसकट 'शॉर्टसर्किट' म्हटले जाते ती घटना घडते. ही उष्णताही मीटरवर मोजली जाते. त्यामुळे तापणारा बोर्ड हा जसा धोक्याचा इशारा आहे, तसाच तो वाया जाणाऱ्या विजेचाही पुरावा आहे.

विजेच्या धक्क्याची बाब तर याहून गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशभरात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १० हजारांहून अधिक मृत्यू झाले आहेत. यात शेतात आणि कामाच्या जागी झालेले मृत्यूही आहेत. परंतु घरही त्यातून सुटलेले नाही.

येथे एक व्यापक गैरसमज दिसतो. एमसीबी बसविला की घर सुरक्षित झाले, असे मानले जाते. वास्तविक एमसीबी तारेला अतिरिक्त भारापासून वाचवतो, माणसाला धक्क्यापासून नव्हे. माणसाचा जीव घेण्यास अँपिअरचा अल्पसा अंश पुरतो आणि तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी हलतही नाही. हे काम आरसीसीबीचे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज भलत्याच वाटेने जमिनीत जात आहे असे दिसले, की ते क्षणार्धात पुरवठा तोडते. अर्थिंग चांगले असेल, तर कोणाचा हात लागण्यापूर्वीच हे घडते. ते नसेल, तर जमिनीकडे जाणारी पहिली वाट माणसाच्या शरीरातून जाते.

असे असूनही गळतीपासून संरक्षण देणाऱ्या उपकरणाच्या सक्तीतून ५ किलोवॅटच्या आतील जोडण्या दीर्घकाळ वगळलेल्या होत्या. सर्वसामान्यांची घरे नेमकी त्याच गटात मोडतात. जेथे हे उपकरण बसले, तेथेही पावसाळ्यात भिंतींना ओल आली की ते वारंवार पडते आणि कंटाळलेला घरमालक वायरमनला सांगून ते बाजूला काढून टाकतो. गळती शोधण्याऐवजी गळती सांगणाऱ्यालाच गप्प करण्याचा हा प्रकार आहे.

जबाबदारी कोणाची?

वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. त्यापुढील वायरिंग ग्राहकाची, तर इमारतीतील सामाईक वायरिंग सोसायटीची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्यांचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण सांगितले आहे. सदनिकांच्या आतील वायरिंगच्या वाट्याला असा आग्रह आलेला नाही. त्यातच पुनर्विकासाच्या प्रतीक्षेतील इमारतींत 'आता कशाला खर्च' हा युक्तिवाद वर्षानुवर्षे चालतो. मीटरच्या खोलीत भंगार आणि रद्दी साठत राहते.

यावरील उपाय अवघड नाहीत. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून वायरिंग आणि अर्थिंगची तपासणी, गिझर व एसीसाठी थेट मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहण्याची सवय, एवढ्याने धोक्याचा मोठा भाग टळतो. एक्स्टेंशन बोर्डावर गिझर किंवा एसी चालविणे तर पूर्णपणे बंद व्हायला हवे.

या कामांचा क्रमही महत्त्वाचा आहे. पंचतारांकित एसी आणण्यापूर्वी त्याच्यापर्यंत जाणारी तार तपासली गेली पाहिजे. पंख्यांवर खर्च करण्यापूर्वी आरसीसीबीवर तो झाला पाहिजे. सोसायट्यांनीही वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत रंगरंगोटीच्या आधी विद्युत तपासणीला स्थान द्यायला हवे. वाढलेले बिल पुढच्या महिन्यात कमी करता येते. तडकलेली तार मात्र तशी मुदत देत नाही.