कुंपण तुटले, शिक्का राहिला

सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ एवढेच सांगितले तरी पुरते. काही जमातींना सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांना येथे तारेच्या कुंपणात ठेवले, त्यांच्या हजेऱ्या घेतल्या आणि त्यांना गिरण्यांच्या कामाला जुंपले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. परंतु अर्जावरचा पत्ता वाचून साहेबाच्या कपाळावर उमटणारी आठी त्यानंतरही कित्येक वर्षे गेली नाही, हे येथील जुन्या माणसांना निराळे सांगावयास नको.

या कायद्याचा मूळ अवतार १८७१ चा. त्याचा पहिला भाग जमातींविषयी होता, हे आपण जाणतो. दुसरा भाग मात्र आपल्या चळवळीच्या वाचनातूनही निसटला. तो हिजडा समाजाविषयी होता. संशयितांची नावे नोंदवहीत घालावयाची, आणि नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात रस्त्यावर दिसली की वॉरंटावाचून अटक करावयाची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. तिने दत्तक घ्यावयाचे नाही, मृत्युपत्रही करावयाचे नाही. शेजारच्या निजामी मुलखातही याच वळणाचा कायदा झाला. तो घटनाबाह्य असल्याचा निकाल तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने दिला तो थेट २०२३ साली! समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या ३७७ कलमाचा फास प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरता सर्वोच्च न्यायालयाने सोडविला, त्यालाही ६ सप्टेंबर २०१८ ची तारीख उजाडावी लागली.

कायद्याने मारलेला शिक्का कायद्याबरोबर पुसला जात नाही. तो माणसाच्या मनात उतरतो, आणि आमच्या मते खरा प्रश्न तेथेच सुरू होतो.

टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जाणारा एखादा समलिंगी तरुण डोळ्यांसमोर आणा. चालण्यात, हसण्यात, बोलण्यात काही ‘दिसू’ नये म्हणून तो दिवसभर स्वतःवरच पहारा देतो. सोबत्यांच्या थट्टेत त्याला सामील व्हावे लागते, आणि ती थट्टा त्याच्याचसारख्यांची असते. घरी स्थळे येऊ लागली की त्याची झोप उडते. कोणी त्याला अद्याप हाकललेले नसते. हाकलतील ही धास्तीच पुरेशी होते. पुढे जग त्याच्याविषयी जे बोलते तेच तो स्वतःविषयी बोलू लागतो. इलान मेयर या अमेरिकन संशोधकाने २००३ साली नेमकी हीच मांडणी केली: प्रत्यक्ष अन्याय, नाकारले जाण्याची भीती, लपवाछपवी आणि आत मुरलेली लाज, यांच्या एकत्रित भाराने खिन्नता येते, मनात आत्मघाताचे विचार येतात. स्त्रीच्या बाबतीत तर मन मोकळे करावयास चहाची टपरीही नसते. आणि तृतीयपंथी व्यक्तीला लपण्याचीही सोय नाही; तिला भाड्याची खोली मिळविण्यापासूनच अपमान गिळावा लागतो.

म्हणजे दुखणे आहे, पण त्याचे मूळ त्या माणसाच्या प्रेमात वा लिंगभावात नाही. वैद्यकशास्त्राने हे केव्हाच मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता रोगांच्या यादीतून वगळली. ‘पालट’ घडवून आणण्याचे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली बजावले. तरीही आईबाप मुलाला कधी देवऋषाकडे, कधी ‘सुधारून देतो’ म्हणणाऱ्याकडे नेतात. त्यांना खलनायक ठरविणे सोपे आहे. पण तेही त्याच भीतीने गांजलेले असतात. खिन्नतेवर औषधोपचार अवश्य व्हावा. माणूस बदलण्याचा आग्रह धरणे हा उपचार नव्हे.

याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने २०१७ साली माउली कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंचपदी निवडून दिले. ग्रामीण माणूस हे समजूच शकत नाही, असे म्हणणाऱ्या शहरी पुरोगाम्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. अर्थात एका गावाच्या कौलावर जिल्ह्याने स्वतःची पाठ थोपटून घेण्याचेही कारण नाही.

आणि आपण? र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही, उत्तरे दिली म्हणून खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. हा वारसा सांगणाऱ्या आम्ही पुढे मात्र ‘आधी भाकरी, मग हे’ म्हणून विषय टाळला. ज्याला कामावरून काढून टाकण्याची भीती वाटते, त्याच्यापुरता हा भाकरीचाच प्रश्न आहे, एवढे साधे आमच्या ध्यानी आले नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या १८ व्या कलमाने लिंगभाव वा लैंगिक कल यांवरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. तो सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीपर्यंत पोहोचतो की नाही, हे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे. आशा सेविका आणि शिक्षक यांच्या प्रशिक्षणात हा विषय यावा, अशी मागणी जिल्हा परिषदेकडे करावी. आणि यंत्रमाग व विडी कामगारांच्या संघटनांनी आपल्या पुढच्या मागणीपत्रकात बोनसच्या कलमाखाली आणखी एक कलम घालावे: लैंगिक कल वा लिंगभाव यांवरून कोणालाही कामावरून काढता येणार नाही.